भाऊंचं मेडिकल आम्ही आवरलं

"गोळी गोड लागती," मालनमावशी पुटपुटली. "पांढरीच हाय, तेवढीच हाय, पण गोड लागती. गोड गोळीनं कुठं बीपी उतरतं का?"

ती माझ्या इतकी जवळ बसली होती की तिच्या लुगड्याचा मेथीचा वास माझ्या शेवंतीला लागत होता. पण बोलत होती ती समोरच्या रस्त्याकडे बघून. त्या दिवसांत वस्तीत ही पद्धतच पडली होती. भाऊंच्या मेडिकलबद्दल काही बोलायचं असलं तर रस्त्याकडे बघून बोलायचं, म्हणजे ते कुणाला बोललं असं होत नाही.

"बघू," मीही रस्त्याकडे बघूनच म्हटलं.

तिनं कनवटीची पुडी काढून माझ्या फुलांच्या टोपलीत टाकली. मी सुई दातात धरली आणि वाचलं. पित्तावरची चघळायची गोळी होती. आठ दिवस मावशी बीपीवर पित्ताची गोळी खात होती, तीही चघळायची सोडून पाण्याबरोबर गिळून.

"काय लिवलंय?"

"हीच आहे," मी म्हणाले. "पण जुनी दिसतीये. बदलून आणते उद्या."

मावशीनं मान हलवली. तिला खरं काय ते कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. आमच्या पाठीमागे काउंटरपलीकडे भाऊ कात्रीनं गोळ्यांचं पाकीट कापत होते. कच्, कच्, असा तो संथ आवाज दुपारच्या उन्हात झोपाळ्याच्या कडीसारखा येत होता.

भाऊ म्हणजे सावळीरामभाऊ. मूळचे विंचूरचे. त्यांचे दोन्ही भाऊ कांद्यात होते आणि हे एकटे औषधाचं शिकलेले. घरच्यांनी गंगापूर रोडला गाळा बघून दिला होता. तो सोडून यांनी आमच्या नाल्याकाठी दुकान थाटलं, जिथे निम्म्या घरांना पत्र्याची भिंत होती आणि उरलेल्यांना तीही नव्हती. का, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडे माणसं चिठ्ठी पुढे करतात आणि गप्प उभी राहतात. मला करमलं नसतं."

करमायला आमच्याकडे काही कमी नव्हतं. भाऊ औषध द्यायच्या आधी विचारायचे, जेवलास का. मग विचारायचे, घरी कोण आहे गोळीची आठवण करायला. मग गोळी कधी घ्यायची ते सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणून दाखव." मग भले मोठे मिशीवाले हमाल काउंटरला टेकून शाळेतल्यासारखे म्हणायचे, "सकाळी न्याहारीनंतर एक, रात्री जेवल्यावर एक, दारू प्यालो तर एक पण नाय." चुकलं तर पुन्हा म्हणायला लावत. घाईवाला माणूस भाऊंच्या दुकानात दुसऱ्यांदा येत नसे, आणि वस्तीत घाईवालं फारसं कोणी नव्हतंच.

मी तिथे आले एक्क्याण्णव साली, लग्न होऊन. माहेर मखमलाबादचं. मळ्यातली फुलं भाऊ सायकलवर आणून द्यायचा, माझा सख्खा भाऊ. मी ती गुंफून विकायची. बसायला जागा नव्हती म्हणून मेडिकलच्या पायरीवर टेकले, उठवतील म्हणून घाबरत. या भाऊंनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बस. फुलांनी औषधाचा वास मरतो." गजरे बांधून द्यायला ते मला औषधांचे रिकामे खोके द्यायचे. मी चौथी शिकलेली. खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. एकदा असंच मी फळीवरचा एक डबा काढून द्यायला हात वर केला तर भाऊ म्हणाले, "थांब. ज्याला वाचता येत नाही त्यानं औषधाला हात लावायचा नाही." रागानं नाही, तापलेल्या तव्याला हात लावू नको म्हणावं तसं.

मला तो बोल लागला. मी रोज एक खोका घरी न्यायची आणि संध्याकाळी आणून विचारायची, हे काय, ते काय. मी वाचलेला पहिला इंग्रजी शब्द होता 'वॉर्निंग'. दुसरा 'कूल'. गार जागी ठेवा. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात तो शब्द वाचून मला फार हसू आलं होतं. दोन वर्षांत मला नावं वाचता यायला लागली, आणि भाऊंनी एक दिवस काही न बोलता मला फळीवरचा डबा काढायला सांगितला. माझ्या आयुष्यात सत्कार असा तेवढाच झाला.

कात्री कशी चालवायची तेही त्यांनीच शिकवलं. आमच्याकडे अख्खं पाकीट कोणी घेत नसे. कोणाला चार गोळ्या, कोणाला दोन. भाऊ म्हणायचे, "ज्या टोकाला तारीख असते ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं. दुसऱ्या बाजूनं कापत यायचं. तारीख गेली की गोळी अनाथ होते."

त्याच कात्रीनं मला पहिल्यांदा कळलं. दोन हजार साल असेल. श्रावणातली संध्याकाळ होती, माझ्या टोपलीत सोमवारचा बेल उरला होता. भाऊंनी नवं कोरं पाकीट हातात घेतलं आणि तारखेचं टोक कच्‌कन कापलं. मी बघत राहिले. म्हटलं, चुकून झालं असेल. मग ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले, वर ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं म्हणाले, "आज ट्यूबलाइटला इंद्रधनुष्य पडलंय का गं?"

मी वर पाहिलं. ट्यूबलाइट होती, तिच्याभोवती पावसाळी किडे होते, एक पाल होती.

"हो," मी म्हणाले. "पडलंय."

काय करणार? इतकं छान विचारलं होतं. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही ते दिसलं. त्यानंतर मधूनमधून ते विचारायचे आणि मी हो म्हणायची. कधी रंगही सांगायची. पिवळा जास्त आहे आज, म्हणायची.

हळूहळू वस्तीला कळलं. कसं कळलं ते सांगता यायचं नाही. ऋतू बदलल्याचं जसं कळतं तसं. छाया आमची गल्लीतली धाकटी सून, रांगोळी सुंदर काढायची. ती रोज जाता-येता भाऊंकडे बघून नुसती हसायची. एकदा तिच्या लक्षात आलं की भाऊ हसत नाहीत. मग ती हसायच्या ऐवजी बोलायला लागली. "भाऊ, मी छाया, चालले पाण्याला." हळूहळू सगळेच आपापलं नाव सांगत यायला लागले. कोणी कोणाला शिकवलं नाही. चिठ्ठी असली तर माणूस आधी माझ्या पायरीशी थांबायचा, मी वाचून नाव सांगायची, मग तो आत जाऊन ते नाव भाऊंना म्हणून दाखवायचा. भाऊ मान हलवायचे आणि त्यांचा हात फळीकडे जायचा.

तो हात मात्र बघण्यासारखा होता. दुसरी फळी, डावीकडून चौथा डबा. खालची फळी, कोपऱ्यातून तिसरा. पाण्यातून मासा जावा तसा हात जायचा आणि बरोबर तेच घेऊन यायचा. सतरा वर्षं तेच डबे त्याच जागी होते. धूळ बसली होती, काही खोक्यांचे रंग उडाले होते, पण जागा हलली नव्हती. दोन वर्षं एकाही माणसाला चुकीची गोळी गेली नाही. मी पायरीवर बसून हार गुंफायची आणि मला वाटायचं, हे असंच चालेल. डोळ्यांचं काम हातांनी घेतलंय, बस.

मग आम्ही दुकान आवरलं.

पुढच्या वर्षीच्या कुंभासाठी रस्ते खोदून ठेवले होते, त्यामुळे सगळीकडे धुरळा. दरवर्षी दसऱ्याच्या आधी दुकान सावित्रीवहिनी झाडायच्या, भाऊंच्या बायको. त्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. भाऊ नवरात्रात दोन दिवस विंचूरला घरच्या घटाला जात. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, "जळमटं तेवढी काढ जमलं तर."

मी, छाया आणि मालनमावशी. तिघींनी पदर खोचले. जळमटं काढायला म्हणून एक डबा उतरवला, मग त्याखालची धूळ दिसली म्हणून दुसरा, आणि दुपारी बारापर्यंत सगळं मेडिकल रस्त्यावर चादरीवर मांडलेलं. फळ्या धुतल्या, काचा पुसल्या. मग परत लावायची वेळ आली. मी म्हटलं, होतं तसं लावू. मालनमावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"होतं तसं? ते काय लावणं हाय का? लालमधी निळं, निळ्यामधी पिवळं. असा भाजीचा ढीग लावला असता तर माझ्या सासूनं मला हाकलली असती."

"अगं मावशी, औषधं आहेत."

"मग? औषधानं काय घाण दिसायचं ठरवलंय?"

छायाचे तर डोळे चमकत होते. तिनं आधीच लाल खोकी एका बाजूला केली होती. आणि मी, मला तरी कुठे अक्कल होती? मी फुलवाली. मला रंग दिसला की हात आपोआप चालतात. आम्ही लावत गेलो. वरच्या फळीवर लाल, मग केशरी, मग झेंडूसारखी पिवळी. मधल्या फळीवर पांढरी खोकी एकावर एक, मोगऱ्याची रास घालावी तशी. खाली हिरवी, मग निळी, मग जांभळी. सिरपच्या बाटल्या उंचीनं, पोरं शाळेत प्रार्थनेला उभी करावीत तशा. दारावर मी झेंडूचं तोरण बांधलं. चार वाजता तिरपं ऊन आत आलं आणि सगळं दुकान आतून पेटल्यासारखं झालं. आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत उभ्या राहिलो. माणसं थांबायला लागली. कोणीतरी चप्पल काढून आत डोकावलं. मेडिकल नव्हतंच ते. डोळे मिटल्यावर कधीकधी दिसतं तसलं काहीतरी होतं.

खंडेनवमीला सकाळी भाऊ आले. त्या दिवशी ते कात्रीची पूजा करत. आम्ही तिघी नटून, कौतुक ऐकायला उभ्या. भाऊ काउंटरमागे गेले. सवयीनं त्यांचा उजवा हात हळदीकुंकवाचा डबा घ्यायला कोपऱ्याकडे गेला आणि तिथे खोकल्याच्या बाटलीला लागला. हात थांबला. मग बोटं शेजारच्या डब्यावरून फिरली, मग त्याच्या शेजारच्या. घरी आल्यावर आपल्या खाटेवर दुसरंच कोणी झोपलेलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला.

"छान दिसतंय," भाऊ म्हणाले.

आणि आम्हा तिघींना एकदम कळलं आपण काय करून बसलो ते. छायानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सगळं पुन्हा होतं तसं लावा, असं भाऊ म्हणू शकले असते. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. आम्ही म्हणू शकलो असतो, पण मग आम्हाला कसं माहीत, ते सांगावं लागलं असतं. म्हणून कोणीच काही बोललं नाही. भाऊंनी कात्रीला हळदकुंकू वाहिलं, मी तिला एक शेवंती वाहिली, आणि आम्ही पेढे खाल्ले.

त्यानंतर गोळ्या गोड लागायला लागल्या.

सकाळी सातला नळाला पाणी यायचं. हंडा भरेपर्यंत नळाच्या कट्ट्यावर बायका आपापल्या पुड्या मांडायला लागल्या. मी वाचायची आणि वाटून द्यायची. मालनमावशीची बीपीची गोळी छायाकडे निघाली, छायाची रक्तवाढीची मालनमावशीच्या जावेकडे. छाया म्हणायची, "मला तर जंताची दिलीये गं. सासूबाईंना घालू का, फार वळवळ करतात." बायका हसायच्या. जे उरायचं, कोणाचंच नसायचं, ते मी पदरात घेऊन दुपारी भाऊंच्या नकळत बदलून आणायची. हसत होतो खरं, पण हंडा उचलताना कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

सांगायला काय झालं होतं, असं आज कोणीही विचारेल. पण ज्याला वाचता येत नाही त्यानं औषधाला हात लावायचा नाही, हे भाऊंचंच. चुका त्यांच्या कानावर गेल्या असत्या तर त्याच क्षणी त्यांनी शटर ओढलं असतं, त्यांचा नेम आम्हाला माहीत होता. आणि मग आम्ही कुठे जायचं? पुलापलीकडच्या मेडिकलात कापून देत नसत. 'म्हणून दाखव' तर कोणीच म्हणत नसे. आणि भाऊंनी तरी दिवसभर काय करायचं?

म्हणून मी माझ्यापुरतं एक ठरवलं. दुपारी दोन ते चार भाऊ काउंटरमागे चटईवर पडत. त्या वेळात रोज एक फळी मी होती तशी लावायची. सतरा वर्षांची मांडणी, त्यातली अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरची, मला पाठ होती. भाऊंचा श्वास ऐकत, पाय न वाजवता मी डबे हलवायची. लाल रास मोडायची, मोगरा मोडायचा. मला वाटायचं मी भाऊंचं हरवलेलं गाव त्यांना घराघरानं परत आणून देतेय. तीन दिवसांत तीन फळ्या झाल्या. आणि गंमत म्हणजे पुड्या जास्तच चुकायला लागल्या.

आता बहिरूमामाचं सांगायला हवं, मालनमावशीच्या नवऱ्याचं. त्याला दमा. पहाटे हातगाडीवर भाजीच्या पाट्या रचून बाजारात ओढत न्यायचा, आणि दम्याची बारकी पांढरी गोळी घेतल्याशिवाय त्याला पूल चढवत नसे. नळावरच्या वाटावाटीत बहिरूमामानं आपली पुडी कधी दिली नाही. मावशीनं मागितली तर म्हणाला, "भाऊंनी दिलं ते दिलं. बायकांनी नळावर वाटायला ते काय संक्रांतीचं वाण हाय?"

"अहो, नुसतं दाखवा उज्वलीला," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"का दाखवू? भाऊंनी बघून दिलंय."



चौथ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर पायरीवर आले. माहेरची फुलं लवकर आली होती. नदीकडून धुकं आलं होतं, रस्त्यावरचे खड्डे त्यात बुडाले होते. मेडिकलचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून पाहिलं. आत दिवा नव्हता. भाऊ फळीसमोर उभे होते, दोन्ही हात डब्यांवर, आणि पोरं पाढे म्हणतात तसं हळू आवाजात म्हणत होते. "पहिला तापाचा. दुसरा पित्ताचा. तिसरा..." तिसऱ्यावर बोटं अडली. त्यांनी डबा काढला, हलवून आवाज ऐकला, नाकाशी नेला, परत ठेवला. "काल हा इथे नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. "काल हा इथे नव्हता."

माझ्या हातातली टोपली गार पडल्यासारखी वाटली. भाऊ आमची रंगांची मांडणी पाठ करत होते. रोज पहाटे येऊन, बोटांनी, पहिल्यापासून. आणि रोज दुपारी मी ती मोडत होते.

मी तिथे उभीच होते आणि मालनमावशीची हाक आली.

बहिरूमामा पुलाच्या चढावर पडला होता. मावशी गाडीला मागून हात लावून होती, तिनं सगळं पाहिलं. आधी त्याला दरदरून घाम फुटला, त्या थंडीत. मग तो गाडी सोडून हसायला लागला. मग कोथिंबिरीच्या जुडीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बसा पावणं, चहा ठेवायला सांगतो." मावशी म्हणते, इतका गोड तो तिच्याशी चाळीस वर्षांत कधी बोलला नव्हता. आणि मग पोतं पडावं तसा पडला.

सरकारी दवाखान्यात त्याला साखरेचं पाणी चढवलं. शुद्ध आली. डॉक्टर पोरसवदा होता, त्यानं पुडी बघितली आणि विचारलं, यांना साखरेचा आजार नाही, मग उपाशीपोटी साखर उतरवायची गोळी दिली कोणी? मालनमावशी म्हणाली, "माझी हाय ती. चुकून खाल्ली त्यांनी." डॉक्टरनं तिला अर्धा तास झापलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आजवर तिनं एकाही माणसाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

दम्याच्या गोळीची जुनी जागा दुसऱ्या फळीवर डावीकडून चौथी. पडायच्या आदल्या दुपारी मी ती फळी लावली होती. रंगांच्या मांडणीत मात्र चौथ्या जागी साखरेची होती आणि पाचव्या जागी दम्याची, पांढऱ्यात पांढरी. मी त्यांची अदलाबदल केली. भाऊंच्या हाताला त्या संध्याकाळी आमची मांडणी आठवली असणार. हात एक डबा पुढे गेला, एवढंच.

त्या दुपारी नळावर ठरलं, सांगायचं. आता सांगायचंच. छाया गेली सांगायला, बाम घेऊन आली. मालनमावशीची जाऊ गेली, तीही बाम घेऊन आली. मालनमावशी स्वतः दवाखान्यातून तडक गेली, काउंटरला हात टेकून उभी राहिली, भाऊ म्हणाले, "कोण, मालनबाई? बहिरू कसा आहे?" आणि ती म्हणाली, "बरा हाय. एक बाम द्या." तीन दिवस वस्तीभर निलगिरीचा वास होता आणि डोकं कोणाचंच दुखत नव्हतं. मी तर तिथेच बसलेली होते, हातभर अंतरावर. मी हार गुंफत राहिले. इतके हार गुंफले की दोरा संपला.

भाऊ एकदाच म्हणाले, "उपाशीपोटी गाडी ओढतो. कितीदा सांगितलं." मग थोड्या वेळानं, "उज्वला, कोणती गोळी घेतली होती त्यानं?"

"कळलं नाही, भाऊ," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला बहिरूमामा स्वतःच आला. धोतर स्वच्छ, मिशा विंचरलेल्या. मागून मालनमावशी. छाया पाण्याची कळशी घेऊन चालली होती ती थांबली. मामा बाकावर बसला, दम खाल्ला, आणि खिशातून उरलेलं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, त्या दवाखान्यातलं पोरगं म्हणतंय ही साखरेची गोळी हाय. मी म्हणलं, येड्या, आमचे भाऊ चुकत नायत. तुमी एकदा वाचून सांगा, दम्याचीच हाय म्हणून. म्हणजे उद्या सकाळपासून परत चालू करतो. आज पूल चढताना लय धाप लागली."

छायाच्या कळशीतून थेंब पडत होते. भाऊंनी पाकीट उचललं. अंगठा कडेवरून फिरवला, मग गोळ्यांच्या फुगवट्यांवरून, एक, दोन, तीन. डोळ्यांशी नेलं, तिरपं केलं, लांब धरलं. मग काउंटरवरून हात पुढे केला.

"उज्वला, वाच."

मी घेतलं. दोन वर्षं मी भाऊंना जे ऐकायचं असेल तेच सांगत आले होते. आत्ताही सोपं होतं. मीच चुकून दिली म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं, डबा मीच हलवला होता. भाऊ मला रागावले असते, मामानं मला शिव्या दिल्या असत्या, आणि उद्या सकाळी भाऊ पुन्हा अंधारात फळीसमोर पाढे म्हणत उभे राहिले असते. मी मालनमावशीकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, पहिल्या वर्षी वाचायची तसं, बोट ठेवून.

"साखरेची आहे, भाऊ."

"नीट वाच."

"नीट वाचलं."

भाऊंनी पाकीट माझ्या हातातून परत घेतलं. "मीच दिली," ते म्हणाले. "हात तर बरोबर गेला होता."

"डबा मी हलवला होता. तुम्ही झोपल्यावर."

"पण देण्याआधी नाव तर मी..." आणि ते थांबले. त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. तिला खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. बहिरूमामा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून तसाच विश्वास होता, आणि तो बघवत नव्हता.

भाऊंनी मान वर केली, ट्यूबलाइटकडे.

"आज इंद्रधनुष्य मोठं पडलंय," ते म्हणाले. "नाही?"

सगळ्यांनी वर पाहिलं. छायानं, मामानं, मावशीनं. मावशीनं हो म्हणायला श्वास घेतला, मला ऐकू आला तो.

"नाही, भाऊ," मी म्हणाले. "इंद्रधनुष्य नाहीये. कधीच नव्हतं. तुम्हाला दिसत नाही."